बर्थ कुठला मिळालाय?

यादी पाठव, यादी पाठव म्हणून सकाळपासून माझ्यामागे लागलीयस. पाठवते गं, पण आधी सांग, बर्थ कुठला मिळालाय? हसू नकोस. पनवेलला नेत्रावती पकडणार, एक रात्र गाडीत काढणार आणि दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीसाठी तिरुवनंतपुरमला उतरणार. एवढ्या लांबच्या पल्ल्यात काय बघायचं हे सिनेमा किती गाजला त्यावर ठरत नाही. तू कुठे आणि कशी बसणार आहेस त्यावर ठरतं.

साइड लोअर असेल तर नशीबवान आहेस. अख्खी खिडकी तुझी, पाय लांब करायला जागा. फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा धक्का लागणार आणि पँट्रीवाल्याची किटली तुझ्या गुडघ्याशी येऊन थांबणार. तिकीट आरएसी निघालं तर पायाशी दुसरं कुणीतरी बसलेलं असेल, आणि ते तुझ्या स्क्रीनकडे न बघता बसेल अशी आशा धरू नकोस. अप्पर असेल तर एकांत भरपूर, पण मान ताठ करून बसता येत नाही आणि एसीचा झोत थेट कपाळावर. कुशीवर वळून, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बघावं लागतं. मिडल बर्थ तर दिवसा नसतोच. मग खालच्या बाकावर सगळ्यांबरोबर बसायचं, आणि तिथे तुझा फोन ही सार्वजनिक मालमत्ता. समोरच्या काकू दहा मिनिटांत विचारतात, "काय लावलंय?" तिथे कुटुंबाबरोबर बघता येईल असंच काहीतरी लाव. कुठल्या सिनेमात कधी काय येईल सांगता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच समोरचं पोर बेडशीटखालून डोकं काढून तुझ्या फोनकडे बघत असतं.

आता मुख्य गोष्ट, मग यादीकडे येऊ. तुझा विचार असणार की प्रवासात हलकंफुलकं, आपल्या भाषेतलं बघावं, डोक्याला ताप नको. सगळे हेच सांगतात. मला ते पटत नाही. गाडीत सगळ्यात आधी जातो तो आवाज. रुळांचा खडखडाट, "चाय चाय, गरम चाय", शेजारच्या कूपेतलं भांडण, बाळाचं रडणं. साधे इयरफोन असले तर संवादातला प्रत्येक तिसरा शब्द गळतो. आपल्या भाषेतल्या सिनेमाचं अशा वेळी फार वाईट होतं, कारण तो आपण कानानेच बघतो. खालच्या ओळी वाचायची सवयच नसते, बऱ्याचदा त्या लावलेल्याही नसतात. म्हणून माझं उलटं गणित आहे: घरी मराठी आणि हिंदी, गाडीत परक्या भाषेतलं. मल्याळम, इराणी, जपानी, आसामी, काहीही. सबटायटल वाचत बघायचंय म्हटल्यावर बोगदा येवो नाहीतर बाळ रडो, गोष्ट हातातून सुटत नाही. एरवी "वाचत कोण बसणार" म्हणून वर्षानुवर्षं बाजूला पडलेले सिनेमे गाडीत बघून होतात, हा वरचा फायदा.

फक्त एक कर. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सबटायटलचा आकार मोठा कर आणि अक्षरांमागे काळी पट्टी ठेव. हे घरीच कर, पनवेलच्या फलाटावर नाही. फोनच्या पडद्यावर, हलत्या गाडीत, पांढऱ्या आकाशावर पांढरी अक्षरं वाचून डोकं चढतं आणि मग दोष सिनेमाला जातो.

गाडीत परक्या भाषेतलं बघायला मला याच मार्गावर एका नर्सने शिकवलं. मुंबईतल्या हॉस्पिटलात नोकरी, सुट्टीला गावी निघालेली, समोरच्या खालच्या बर्थवर. डब्यातून केळ्याचे वेफर काढून माझ्यापुढे धरले आणि विचारलं, "आमचा सिनेमा बघणार?" तिच्या फोनवर 'महेशिंटे प्रतिकारम' होता, दिलीश पोत्तनचा 2016 मधला पहिला सिनेमा. इडुक्कीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्याला भर रस्त्यात मार बसतो आणि तो शपथ घेतो की बदला घेईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या. मला मल्याळमचं अक्षर कळत नव्हतं. ती मधेच पॉज करून सांगायची, हा शब्द आमच्याकडे असा हसत हसत म्हणतात, हा माणूस चिडलेला नाहीये, चेष्टा करतोय. फहाद फासिल अनवाणी चालताना पाय कसा जपून टाकतो ते तिने मला मागे नेऊन पुन्हा दाखवलं. सबटायटलमध्ये हे काही लिहिलेलं नसतं. तेव्हापासून लांबच्या प्रवासात मी एक जागा रिकामीच ठेवते. चार सिनेमे माझे, पाचवा समोर बसेल त्याच्या पसंतीचा. तूही ठेव. तू तर त्यांच्याच गावी निघालीयस, अख्ख्या डब्यात तुझ्याएवढी गरज कुणालाच नाही.

आठवतं का गं, लहानपणी मामाकडे जाताना व्हिडिओ कोच असायची? पुढे टांगलेला टीव्ही, वर निळा दिवा, आणि क्लीनरच्या मर्जीने लागलेली कॅसेट. ऐन क्लायमॅक्सला गाडी ढाब्यावर थांबायची आणि सगळे उतरायचे. मी कितीतरी सिनेमांचे शेवट आजतागायत बघितलेले नाहीत. बाबा तर सरळ झोपायचे. पण त्या बसमध्ये आपण मारधाड बघितली, देवाधर्माचे सिनेमे बघितले, नाव माहीत नसलेल्या नटाचा दाक्षिणात्य डब केलेला सिनेमा बघितला, कारण इलाजच नव्हता. आता सगळं आपल्या हातात आहे, म्हणून आपण एकाच जातीचे सहा सिनेमे उतरवून घेतो. एक खुनाची मालिका आवडली की ॲप आणखी पाच खून पुढ्यात आणून ठेवतं. दीड दिवस गाडीत खूनच बघितलेस तर पहाटे बाथरूमला जायची भीती वाटेल, एवढं लक्षात ठेव.

तर मिसळ करायची. अगदी साधा हिशोब: एक तोंडपाठ, एक वाटेवरचा, एक जिथे चाललीस तिथला, एक लांबच्या देशातला आणि ती एक रिकामी जागा.

तोंडपाठ म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'. 1988 पासून महाराष्ट्रात कुणी तो शांतपणे ऐकत नाही, सगळे बरोबरीने म्हणतात. वर म्हटलेला आवाजाचा प्रश्न त्याला लागूच होत नाही, कारण ऐकायचं काही शिल्लकच नाही. तो बघायला नाही, सोबतीला असतो. मन लागेनासं झालं, पोटात खड्डा पडला, की कुठूनही सुरू कर आणि कुठेही बंद कर.

वाटेवरचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. पायल कपाडियाचा, 2024 ला कानमध्ये ग्राँ प्री मिळालेला. तू तेव्हा परीक्षेच्या गडबडीत होतीस, बघितला नसशील. मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी नर्सेस आणि त्यांच्या हॉस्पिटलातली स्वयंपाकीण पार्वती. ती आपली छाया कदम. बिल्डर पार्वतीला घरातून काढतो, नवऱ्यामागे तिच्याकडे कागद नाहीत, म्हणून ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाते आणि त्या दोघी तिला सोडायला जातात. पहिला अर्धा सिनेमा मुंबईचा पाऊस आणि लोकल, दुसरा अर्धा कोकणचा समुद्र. केरळच्या बायका मुंबईत येऊन एकट्या राहतात, आणि तू महाराष्ट्रातून तिकडे एकटी निघालीयस. तो या मार्गावर बघायचा सोडून कुठे बघायचा? आणि ऐक, तिकडे ऑफिसात गप्पांना उपयोगी पडेल: त्याआधी कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा गेला होता तो 1994 मध्ये, शाजी करुण यांचा 'स्वाहम', म्हणजे मल्याळमच. तुझ्या मल्याळी सहकाऱ्यांना हे सांग, कॉफी ते पाजतील.

जिथे चाललीस तिथले दोन ठेव, एक पुरायचा नाही. 'कुंबलंगी नाइट्स' नक्की. कोचीजवळच्या बेटावरचं मोडकं घर, एकमेकांशी न पटणारे चार भाऊ, आणि पलीकडच्या घरातला तो नीटनेटका जावई, ज्याला बघून पहिल्या मिनिटापासून काहीतरी खटकतं. नोकरीच्या ठिकाणी असा नीटनेटका माणूस भेटला तर सावध राहायचं, हे मी वेगळं सांगायला नको. दुसरा 'सुडानी फ्रॉम नायजेरिया', मलप्पुरमच्या सेव्हन्स फुटबॉलचा. परक्या मुलखातून आलेल्या जखमी खेळाडूला घरात ठेवून घेणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्या बायका बघ. भाषेचा एक शब्द कळत नसताना त्या त्याच्याशी तासन्‌तास बोलतात. तुझ्या घरमालकीणबाईंबरोबर पहिला आठवडा असाच जाणार आहे.

'द ग्रेट इंडियन किचन' मात्र गाडीत नको. चांगला आहे, बघायलाच हवा, पण खरकट्या भांड्यांचे, तुंबलेल्या सिंकचे इतके जवळून घेतलेले शॉट आहेत की रेल्वेचं जेवण समोर असताना घास उतरत नाही. तो खोलीवर गेल्यावर बघ, आणि बघून झाल्यावर मला फोन कर, त्याच्यावर बोलायचंय.

लांबच्या देशातला म्हणून 'चिल्ड्रन ऑफ हेवन' सांगितला असता, पण बहीण-भाऊ आणि हरवलेले बूट, तू पहिल्या वीस मिनिटांत हुंदके देशील. त्यापेक्षा किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' घे, 1987 चा. वर्गमित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली म्हणून ती परत द्यायला एक पोरगा शेजारच्या गावात घर शोधत फिरतो. बस, एवढंच. दीड तासाच्या आत संपतो, आणि टेकडीवरच्या त्या नागमोडी वाटेवरून तो धावतो तेव्हा गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या वाटाही वेगळ्या वाटायला लागतात. समोर लहान मूल असलं तर 'माय नेबर टोटोरो' काढ. जपानी कार्टून आहे, दोन बहिणी, आई हॉस्पिटलात, आणि भर पावसात बसथांब्यावर शेजारी येऊन उभं राहणारं ते अगडबंब लोकरी जनावर. मुलाला भाषा कळायची गरज नसते. त्याची आई तुला दुवा देईल आणि तिच्या डब्यातलं काहीतरी चांगलंचुंगलंही.

'नायक'सुद्धा ठेवायचा मोह होतोय. सत्यजित राय, 1966, उत्तमकुमार नावाजलेला नट होऊन पुरस्कार घ्यायला कोलकात्याहून दिल्लीला गाडीने जातो आणि शर्मिला टागोर त्याला डायनिंग कारमध्ये प्रश्न विचारून हैराण करते. जवळपास अख्खा सिनेमा गाडीत घडतो, पण तो डबा बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलेला आहे. कळूनही पटत नाही. घे, जागा असली तर. फोनमध्ये जागा म्हणतेय मी, डोक्यात तुझ्या भरपूर आहे.

आता काय घेऊ नको ते. 'सैराट' नको. तू म्हणशील बघितलाय, पुन्हा बघेन. पण त्याचा शेवट आवाजावर नाही, आवाज जाण्यावर उभा आहे. ते लहान मूल दारात येतं आणि सगळं मुकं होतं. गाडीच्या खडखडाटात ते मुकेपण तुला मिळणारच नाही, मग उरतो तो नुसता धक्का. 'द डिसायपल'चंही तेच. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून त्यातला नायक मोटरसायकल चालवत गुरूंच्या गुरूंचा आवाज ऐकत जातो, ते तंबोऱ्याच्या सुरासकट ऐकायचं तर खोली बंद हवी. 'कोर्ट' नको, कारण कॅमेरा लांब उभा असतो आणि खरी गंमत चौकटीच्या कोपऱ्यात चाललेली असते, फोनवर तो कोपरा नखाएवढा होतो. आणि 'श्वास' तर मुळीच नको. घरापासून पहिल्यांदा लांब निघालेल्या मुलीने आजोबा-नातवाचा सिनेमा रात्री गाडीत एकटीने बघायचा नसतो.

उतरवून घेताना एका बाबतीत सावध राहा. आपल्या फोनची भाषा हिंदी किंवा इंग्रजी असली की ॲप परस्पर डब केलेला आवाज उतरवतं. फहाद फासिल तुपट हिंदीत बोलायला लागला की सगळा जीवच जातो. डाउनलोड करताना मूळ भाषा निवड आणि सबटायटल बरोबर आलंय का बघ. मग फोन विमान मोडवर टाकून एकेक सिनेमा उघडून दोन मिनिटं चालवून बघ. मोबाइलचा पडदा "डाउनलोड पूर्ण" म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नकोस. पण तपासणी निघायच्या आदल्या रात्रीच कर, आठवडाभर आधी नको, कारण काही सिनेमे एकदा सुरू केले की 48 तासांत बंद पडतात. रोह्यापुढे कोकण रेल्वे लागते, 90 च्या वर बोगदे आहेत, उक्षी ते भोके दरम्यान करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. नेटवर्कवर सिनेमा बघायचा विचारही मनात आणू नकोस.

आणि बोगद्यांवरून आठवलं. रोहा ते कुडाळ, उजेड असेपर्यंत, काही लावू नकोस गं. अगदीच वाटलं तर गाणी ऐक. तू पावसाळ्यात निघालीयस, पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुद्दाम हळू सोडतात, त्याचा वैताग करून न घेता बघून घे. डाव्या हाताला सह्याद्री, दरडी अडवायला लावलेल्या जाळ्या, जाळ्यांवरून निथळणारं पाणी, वशिष्ठीचं गढूळ पात्र. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल येतो, 64 मीटर उंच. गाडी बोगद्यातून निघते आणि एकदम खाली जमीनच नसते. तेवढी दोन मिनिटं चुकवून कुणाचा बदला बघत बसलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. सिनेमा थांबवता येतो, पूल नाही.

विमानात ही पंचाईत नसते. ढगांवर गेलं की खिडकीत बघायला काही नसतं, म्हणूनच तिथे लोक मुकाट्याने जे लावलंय ते बघतात. टीडब्ल्यूएने 1961 मध्ये प्रवाशांना नियमित सिनेमे दाखवायला सुरुवात केली तीही लोकांना कंटाळा येऊ नये म्हणूनच. 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये आपल्या पुण्याच्या शशी गोडबोलेला शेजारी अमिताभ मिळतो आणि तो तिला पडद्यावरचं इंग्रजी समजावून सांगतो. विमानात तेवढीच काय ती गंमत. तुझ्या गाडीत अमिताभ नसला तरी नर्सेस खूप असतील.

रात्रीचं ऐक आता. हे आईने सांगितलं असतं तर तू डोळे फिरवले असतेस, म्हणून मी सांगते. फोन आईला आधी, सिनेमा नंतर. मडगाव येईपर्यंत ती जागी असणार, तुझा फोन लागला नाही तर मला उठवणार. दोन्ही कानांत काहीही घालून बसू नकोस, एक कान कायम मोकळा. रात्री दहानंतर इयरफोनशिवाय काही लावायचं नाही हा रेल्वेचा नियमच आहे, पण तुला नियमापेक्षा मोकळा कान जास्त महत्त्वाचा. कुणी बर्थपाशी उगाच घुटमळतंय, कुणी वाकून वाकून बघतंय, असं वाटलं तर लाजू नकोस, टीटीईला सांग, नाहीतर 139 लाव. आणि मोठ्याने बोल. शांत डब्यात मोठा आवाज अर्धं काम करतो. पर्स उशाखाली, बॅगेला साखळी. फोन छातीवर ठेवून झोपू नकोस, कव्हरची दोरी मनगटात अडकव.

बऱ्याच गाड्यांत रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा पॉवर बँक भरून ठेव. ब्राइटनेस कमी कर, वरच्या बर्थवरचा उजेड खालच्याच्या डोळ्यांवर पडतो आणि मग तोही तुझ्यासारखाच जागा राहतो. बारानंतर नवीन काही सुरू करायचं नाही. अर्धा राहिला तर राहू दे. बारानंतर सुरू केलेला सिनेमा सिनेमा नसतो, झोप न येण्यावरचं औषध असतं, आणि ते लागूही पडत नाही.

रडू आलं तर? येईल. कारवारच्या आसपास येईल असा माझा अंदाज आहे. डबा शांत होतो, निळा दिवा लागतो आणि आपल्या घरातली भांडी आवरल्याचा आवाज आठवतो. तेव्हा काही लावू नकोस. सिनेमा लावलास तर रडं सिनेमातल्या बाईसाठी होतं आणि तुझं आपलं तसंच राहतं. चादर डोक्यावर घे, पोटभर रड, झोप. सकाळी कुणी काही विचारत नाही, गाडीत सगळ्यांचेच डोळे सुजलेले असतात.

उठशील तेव्हा बाहेर सगळं बदललेलं असेल. पाट्यांवर गोलगोल अक्षरं, आंब्याऐवजी नारळ, "चाय" म्हणणारा आवाज वेगळ्या हेलाने. पळंपोरी विकायला येते, पिकल्या नेंद्र केळ्याची भजी, ती घे. सकाळी पहिला 'सुडानी' लाव, कोळिकोड ते तिरूर हा त्याचाच मुलूख. कुट्टिप्पुरमच्या पुढे रुळाशेजारून भारतपुळा दिसायला लागते, तिथे पुन्हा फोन खाली. 'कुंबलंगी' एर्नाकुलमच्या अलीकडे संपव. त्याला मध्यंतर आहे, जेवण त्यातच उरक. दोन मोठे सिनेमे पाठोपाठ बघू नकोस, मधे निदान एक स्टेशन रिकामं जाऊ दे. फलाटावर उतरून चार पावलं चाल, पण गाडीचा डबा नजरेआड होऊ देऊ नकोस.

बाकी राहिलं सामान. आई कुकर देतेय असं ऐकलं. घे. तिथे मिळतो हे मलाही माहीत आहे, तरी घे. आणि चांगले, कान झाकणारे हेडफोन हवे असतील तर माझे घेऊन जा, मला ऑफिसने नवीन दिलेत. पण गाडीत दोन्ही कानांवर नाहीत, हे मघाशीच सांगितलंय. खोलीवर पोचल्यावर 'द डिसायपल'ला त्यांचा उपयोग होईल.

आणि तिथे गेल्यावर पहिल्या पगाराची वाट न बघता एक काम करून ठेव. 1996 ला सुरू झालेला केरळचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव तिरुवनंतपुरमला बहुधा डिसेंबरात भरतो. स्टेशनजवळच तंपानूरला कैरळी, श्री आणि नीला ही सरकारी चित्रपटगृहं आहेत, तिथे सकाळी आठ वाजल्यापासून कॉलेजची पोरं, रिक्षावाले, निवृत्त मास्तर रांगेत उभे असतात म्हणे, इराणी आणि कोरियन सिनेमांसाठी. नोंदणी ऑनलाइन असते आणि पटापट भरते. तुझ्या ऑफिसात, टेक्नोपार्कमध्ये, कुणाला तरी विचार, तारीख कळली की दोन पास काढ. मी रजा टाकते. येताना त्याच गाडीने येते, साइड लोअर मिळाला तर.